सड्यावर झोन बदल झाला तर खालच्या तळ्याच्या पाण्याचं काय होतं? हरकतीत नेमकं काय मांडायचं?

तळ्याकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका गावचं तळं आहे. क्षेत्र साधारण ८ हेक्टर, सरासरी खोली दीड मीटर. दाराच्या (तळ्याचं पाणी अडवायच्या-सोडायच्या तोंडाच्या) फळ्या ऑक्टोबरात लागतात आणि खालच्या वायंगणी शेतीला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, पाणी जातं. गेली तीन वर्षं मार्चपासून पाणी हिरवं होतंय. एप्रिलच्या शेवटी सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात.

तळ्यापासून ७०० मीटरवर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, आहे. तिथली १२ हेक्टर काजूची जमीन ऑर्चर्डमधून (बागायती झोन) सेटलमेंटमध्ये (वस्तीचा झोन) घ्यायचा प्रस्ताव आलाय, म्हणजे अंदाजे १२० घरं. प्रस्तावाच्या बाजूचे म्हणतात, ‘प्लॉट तळ्यापासून लांब आहेत, त्यांचा काय संबंध?’ दुसरीकडे पंचायतीपुढे तळ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा आहे : गाळ काढणे, भोवती दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर), चालायला ट्रॅक आणि मध्ये कारंजं.

जैवविविधता समितीकडून हरकत घालायची आहे. ‘पर्यावरणाची हानी होईल’ एवढं लिहून भागत नाही हे कळतं. आकड्यांत कसं मांडायचं? पाणलोट नकाशावर कसा दाखवायचा? आणि कारंज्याने फरक पडतो का?

सड्यावरून यांचं उत्तर

‘लांब आहे’ या मुद्द्याला फॉस्फरसच्या हिशोबाने उत्तर द्या. गोड्या पाण्यात शेवाळ किती वाढणार हे बहुधा फॉस्फरसच ठरवतो. सरासरी एकूण फॉस्फरस लिटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या वर गेला की तळं अतिपोषित धरतात. १०० च्या वर गेलं तर पाण्याचा मटारच्या आमटीसारखा रंग कायमचा.

तुमच्या तळ्यात ८ हेक्टर गुणिले दीड मीटर, म्हणजे १,२०,००० घनमीटर पाणी मावतं. त्याला ३५ ने गुणलं तर येतात ४.२ किलो. अख्ख्या तळ्यात एवढा फॉस्फरस असला की उंबरठा गाठला. हा एक आकडा हरकतीच्या पहिल्या पानावर घाला.

आता वरची घरं. माणशी दिवसाला साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस सांडपाण्यात जातो. १२० घरं, घरी साडेचार माणसं, म्हणजे ५४० माणसं आणि दिवसाला ८१० ग्रॅम. पावसाळ्यातला हिशोब मुद्दाम सोडून द्या. तेव्हा दार उघडं असतं आणि बरंचसं वाहून जातं. फळ्या लागल्यापासून मे अखेरपर्यंतचे २४० दिवस धरले तरी १९४ किलो होतात. तळ्याला पुरे झाले ४.२ किलो, म्हणजे शंभरातला सव्वादोन किलो भाग खाली झिरपला तरी काम झालं.

सेप्टिक टँक फॉस्फरस थांबवत नाही, थोडासा गाळात राहतो तेवढाच. पुढे शोषखड्डा. जांभ्यातल्या लोहाच्या संयुगांना फॉस्फरस चिकटतो हे खरं, आणि विरुद्ध बाजूचा सल्लागार तेच सांगेल. पण सड्याचा जांभा स्पंजासारखा एकसंध नसतो. त्याला भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी त्यांतून पळतं आणि चिकटायला वेळच मिळत नाही. नायट्रेट तर चिकटतच नाही, ते सरळ झरीला उतरतं. विहिरीपासून शोषखड्डा १८ मीटर हवा हा राष्ट्रीय मानकातला आकडा आहे, पण भेगांच्या खडकात त्याच्या भरवशावर राहू नये. जुलैत भूजल वर आलं की शोषखड्ड्याला शोषायला जागाच उरत नाही. तो भरतो आणि सांडपाणी रस्त्याकडेच्या गटारातून व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागतं. सड्यावर जुन्या चिरेखाणी (जांभ्याचे चिरे काढलेल्या खाणी) असतील तर त्याही नकाशावर दाखवा. कचरा आणि राडारोडा टाकून बुजवलेली खाण म्हणजे झरीच्या डोक्यावर ठेवलेला उकिरडाच.

बांधकाम चालू असतानाचा धोका वेगळा, आणि तो दोन-तीन पावसाळ्यांतच सगळं नुकसान करून मोकळा होतो. एक हेक्टर उघड्या जमिनीवरून फक्त एक मिलिमीटर थर धुपला तर १० घनमीटर, म्हणजे १४ टनांच्या आसपास माती खाली येते. मातीत किलोमागे अर्धा ग्रॅम फॉस्फरस धरला तर ७ किलो. सगळा लगेच शेवाळाला मिळत नाही, तो तळाशी जाऊन बसतो.

तुमचे मासे एप्रिलमध्ये का धापा टाकतात ते इथे कळतं. लाल मातीतलं लोह प्राणवायू असेपर्यंत फॉस्फरस धरून ठेवतं. उन्हाळ्यात रात्री तळाच्या चिखलावरचा प्राणवायू संपतो, लोहाचं रूप बदलतं आणि धरलेला फॉस्फरस पाण्यात सुटतो. दुपारी शेवाळामुळे सामू (पीएच) ९ च्या वर गेला तरी हेच होतं. म्हणजे जुलैत आलेली माती एप्रिलमध्ये पाणी हिरवं करते. वरचं बांधकाम तोवर संपलेलंही असतं, म्हणून कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

गाळ अडवायला खड्डा करू असं आश्वासन मिळेल. तो करायलाच लावा. उघड्या जमिनीसाठी हेक्टरी २५० घनमीटर हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा आकडा आहे, लांबी रुंदीच्या दुप्पट आणि निम्मा भरला की उपसा. पण त्याची मर्यादाही लिहा. बारीक वाळूचा कण एक मीटर खाली बसायला दोन मिनिटं पुरतात. ०.०२ मिलिमीटरच्या पोयट्याला पाऊण तास लागतो. दोन मायक्रॉनच्या चिकणमातीला जवळजवळ तीन दिवस, तेही पाणी अगदी स्तब्ध असेल तर. आपल्या पावसात खड्ड्यातलं पाणी अर्धा तासही थांबत नाही. त्यामुळे वाळू अडते आणि फॉस्फरस वाहणारी लाल चिकणमातीच सुटून जाते. खरा उपाय म्हणजे जून ते सप्टेंबर माती उकरायचीच नाही, ३१ मेपूर्वी उघडा भाग झाकायचा, आणि उतारावर समपातळी ओळींत वाळा लावायचा, दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर. तो मेअखेरीस पाणी घालून जगवला तर जुलैत धरतो; पहिल्या पावसात लावलेला त्याच पावसात निघून जातो.

नकाशावाचक यांचं उत्तर

वरचा हिशोब पक्का आहे. मी नियोजनाच्या बाजूने लिहितो.

पहिली गोष्ट, पाणलोटाची सीमा. ‘तळ्यापासून ७०० मीटर’ ही भाषाच सोडा. अंतर कितीही असो, त्या सर्व्हे नंबरांवर पडलेलं पाणी कुठे उतरतं एवढंच दाखवायचं. इस्रोच्या भुवन पोर्टलवर ३० मीटरचं उंचीचं मॉडेल मिळतं, त्यावरून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पाणलोट काढता येतो. डोंगरउतारावर ते बरं चालतं, सपाट सड्यावर फसतं : मॉडेल काजूच्या झाडांचे शेंडे जमीन समजतं आणि सड्याचा चढउतार असतो जेमतेम दोन-तीन मीटरचा. म्हणून जुलैत, जोराचा पाऊस चालू असताना, सड्यावर चालायचं. पाणी जिथे दोन बाजूंना फुटतं तिथे खुंट्या ठोकायच्या, मोबाईलवर बिंदू घ्यायचे आणि ती रेघ सर्व्हे प्लॅनवर चढवायची. रस्ता, गटार आणि मोऱ्या पाण्याची वाट बदलतात, तेही बघा. पलीकडच्या उताराचं पाणी एका मोरीने अलीकडे आलेलं बऱ्याचदा सापडतं.

मग ती रेघ प्रादेशिक आराखडा २०२१ च्या गावनकाशावर ठेवा. त्यात पाणवठे, भातशेती, खाजन (खाडीकाठची बांध घालून कसलेली जमीन) आणि २५ टक्क्यांहून तीव्र उतार इको-१ मध्ये, म्हणजे सर्वांत जपायच्या गटात, येतात. बागायती आणि लागवडीची जमीन इको-२ मध्ये. तुमची काजूची जमीन इको-२ मधली असणार. सड्याच्या काठाला २५ टक्क्यांवरचा उतार प्रस्तावित हद्दीत शिरतोय का ते तपासा. शिरत असेल तर तेवढ्यावरच मोठा भाग गळतो.

पाणलोटात एकूण किती जमीन कठीण झाली (छपरं, डांबर, काँक्रीट, पेव्हर) हेही मोजा. समजा पाणलोट ११० हेक्टरचा आणि आज ९ हेक्टर कठीण आहे, म्हणजे ८ टक्के. नव्या १२ हेक्टरातला निम्मा भाग झाकला गेला तर १५ हेक्टर, साडेतेरा टक्के. १० टक्क्यांपासून ओढ्यांची तब्येत ढासळू लागते आणि २५ नंतर ती परत आणणं फार कठीण, असा अमेरिकेतल्या छोट्या ओढ्यांवरून काढलेला ठोकताळा आहे. कायदा म्हणून मांडू नका, निर्देशक म्हणून मांडा. सोबत पाण्याचा वेग द्या : तासाला ६० मिलिमीटर पाऊस धरला तर १२ हेक्टर काजूतून सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी सुटतं (वाहगुणांक, म्हणजे पावसातला वाहून जाणारा वाटा, ०.२५), वस्तीतून १.३ घनमीटर (०.६५). व्हाळाचे काठ या जादा पाण्याने खचतात आणि तीही माती तळ्यातच येते. हे मात्र कुणाच्या अहवालात धरलेलं नसतं.

आता कायदा. पाणथळ नियम २०१७ प्रमाणे अधिसूचित पाणथळीत भराव, घनकचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी यांना बंदी आहे, आणि गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत बोटीच्या धक्क्याखेरीज पक्कं बांधकाम चालत नाही. मात्र ५० मीटरने तळ्याचा काठ वाचतो, सडा वाचत नाही. सड्यासाठी त्याच नियमांतला ‘प्रभावक्षेत्र’ हा भाग उपयोगाचा. अधिसूचनेच्या दस्तऐवजात प्रभावक्षेत्राचा नकाशा आणि त्यात काय बंद, काय नियंत्रित, काय मोकळं याची यादी द्यावी लागते. पाणलोटाची तुमची रेघ तिथे जायला हवी. मसुदा आला की हरकतींना ६० दिवस असतात.

अडचण अशी की खास सिंचनासाठी बांधलेली तळी या व्याख्येतून वगळली आहेत, आणि तुमचं तळं वायंगणाला पाणी देतं. ‘ही तर सिंचनाची टाकी’ असा युक्तिवाद होईलच. त्यावर दोन उत्तरं आहेत. पक्षी, मासे, कमळ, गुरांचं पाणी, झरीचं पुनर्भरण हे सगळं लोकजैवविविधता नोंदवहीत नोंदवलेलं असेल तर एकाच कामासाठी बांधलेलं तळं हे म्हणणं टिकत नाही. दुसरं, इस्रोच्या पाणथळ नकाशासंग्रहातल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना, अधिसूचना झाली नसली तरी, नियमांच्या तत्त्वांनुसार संरक्षण द्या असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सांगितलं. तुमचं ८ हेक्टरचं तळं त्या यादीत आहे का ते आधी बघा. कुडचड्याचं नंदा तळं ४२ हेक्टरचं आहे आणि त्याच्या पाण्यावरही खालची भातशेती होते. तरी २०२२ मध्ये ते गोव्याची पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ झालं. उदाहरण म्हणून जोडा.

झोन बदलाचं कलम नोटिशीत नीट वाचा, कारण कलमागणिक रस्ता वेगळा. गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली केलेले नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. त्याच कायद्यातलं कलम ३९-अ हे २०२४ मध्ये आलं, त्यात लोकांच्या सूचनांसाठी ३० दिवस आहेत. मुदत राजपत्रातल्या तारखेपासून मोजा आणि हरकतीच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. झोन बदलला तरी पुढे रूपांतराची सनद, नगरनियोजनाची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला आणि पंचायतीचा बांधकाम परवाना राहतो. डोंगर कापायचा किंवा सखल जागा भरायची तर कलम १७-अ ची वेगळी परवानगी लागते. पावसाळ्यात माती न उकरण्याची अट आणि एकेका घराच्या शोषखड्ड्याऐवजी सामाईक सांडपाणी प्रक्रियेची अट या टप्प्यांवर लेखी घालून घेता येते. प्रक्रिया केलेलं पाणीही व्हाळात सोडायचं नाही, बागेलाच मुरवायचं, असं त्यात स्पष्ट हवं. छोट्या प्रक्रिया केंद्रांत बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) उतरतो, फॉस्फरस बहुधा तसाच राहतो.

तळ्याकाठ

दोघांचे मनापासून आभार. गावात पाण्याचे दोन रिपोर्ट आहेत. दोन्हींत ‘एकूण फॉस्फरस ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी’ आणि बीओडी २.४ लिहिलंय. मग पाणी चांगलं म्हणायचं का? हेच रिपोर्ट समोरून पुढे केले जाताहेत.

पाणी_तपासणी यांचं उत्तर

नाही म्हणायचं. ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, आणि उंबरठा ३५ वर आहे. प्रयोगशाळेची पद्धत १०० च्या खालचं ओळखतच नसेल तर त्या रिपोर्टात तळं ९५ वर असलं तरी ‘कमी’च दिसणार. नमुना देण्याआधी विचारा : किमान किती मोजता? ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारी पद्धत मिळाली तरच पैसे द्या.

बाटली साबणाने धुतलेली नको, डिटर्जंटमध्ये फॉस्फेट असू शकतं; सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन ऊर्ध्वपातित पाण्याने विसळलेली हवी. एकूण फॉस्फरसच्या नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणला आणि ४ अंशांवर ठेवला तर २८ दिवस टिकतो. विष्ठाजन्य कोलिफॉर्मसाठी (विष्ठेतून येणारे जिवाणू) बाटली वेगळी, निर्जंतुक, बर्फात, आणि सहा तासांत प्रयोगशाळेत. आंघोळीच्या पाण्याला १०० मिलिलिटरमागे ५०० इष्ट आणि २,५०० कमाल ही तुलनेची रेघ.

बीओडीवर या प्रश्नात विसंबू नका. पोषकद्रव्यांनी तळं बिघडतं तेव्हा बीओडी बऱ्याच उशिरा वर जातो. विरघळलेला प्राणवायू दोनदा मोजा : पहाटे सहाला आणि दुपारी तीनला, त्याच जागी, मीटरचं टोक तळापासून वीतभर वर. पहाटे २ आणि दुपारी १३ मिलिग्रॅम असा झोका दिसला तर निदान झालं. रिपोर्टातला नमुना सकाळी अकराला घेतलेला असतो, तो मधला आकडा दाखवतो आणि सगळं आलबेल वाटतं. पारदर्शकतेला २० सेंटिमीटरची काळीपांढरी तबकडी दोरीवर सोडा, दिसेनाशी होते ती खोली दर पंधरवड्याला वहीत लिहा. खर्च काहीच नाही, आणि तीन वर्षांची अशी वही हरकतीला जोडली की तिला वजन येतं.

सांडपाणी कुठून झिरपतंय ते शोधायला खिशातला विद्युतवाहकता मापक पुरतो. जांभ्यातून आलेल्या स्वच्छ झरीचं पाणी सहसा १०० मायक्रोसिमेन्सच्या आत असतं, सांडपाणी ७०० च्या वर. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस नसताना काठाने चालत दर दहा पावलांवर मोजा. आकडा एकदम ७० वरून २५० ला गेला तर तिथे थांबायचं, नमुना घ्यायचा, वर कुणाचा शोषखड्डा आहे ते बघायचं. आज असलेल्या वस्तीचं झिरपणं यातून कळेल. ते प्रामाणिकपणे हरकतीत लिहा. ‘तळ्याची सहनशक्ती आजच संपली आहे, वर भर नको’ हे ‘तळं स्वच्छ आहे, बिघडवू नका’ पेक्षा तुमच्या बाबतीत खरं आहे.

सड्यावरून

सुशोभीकरणाचं राहिलं होतं. कारंजं वरचं पाणी वर उडवतं. चिखलाला लागून जो प्राणवायू संपतो तिथे त्याचा उपयोग फार थोडा, आणि बरीच कारंजी रात्री बंद असतात, नेमकी गरज असते तेव्हा. पिचिंगला माझा ठाम विरोध आहे. काठावरचा केवडा, लव्हाळा आणि चिखलाचा उथळ पट्टा गेला की शेताडीतून पसरून येणारं पाणी गाळणारं काही उरत नाही. काठावर ३० मीटर हिरवा पट्टा ठेवा, पण एक लक्षात असू द्या : पट्टा पसरून आलेलं पाणीच गाळतो. रस्त्याचं गटार पाइपने थेट तळ्यात सोडलं असेल तर त्या पट्ट्याचा फायदा शून्य. आधी ती तोंडं शोधून काठापासून मागे आणा आणि दगडांच्या आडव्या ओळीवर पसरवा.

गाळ काढायचा तो वरची माती थांबवल्यावर. आधी काढला तर दोन पावसाळ्यांत तेवढाच परत येतो. आणि यंत्राने खोल खणू नका : तळाची चिकण फुटली तर पाणी खाली झिरपतं, आणि दीड मीटरचं तळं चार मीटर केलं तर ते पूर्ण रिकामं होणंच बंद होतं.

ते रिकामं होणं फार मोलाचं आहे. जुन्या रीतीत वायंगण संपलं की फळ्या काढून पाणी उतरवायचे, तळ उन्हात तडकायचा, चिखल शेतात खत म्हणून जायचा. तडकलेल्या चिखलात प्राणवायू शिरतो, लोह फॉस्फरसला पुन्हा धरतं, आणि शेतात नेलेल्या चिखलाबरोबर तो तळ्यातून कायमचा बाहेर पडतो. खालची शेतं पडीक झाली किंवा भरून टाकली की पाणी उतरवायचं कारणच राहत नाही. मग तळं बारमाही भरलेलं ठेवतात, बघायला छान दिसतं, आणि चिखल सडत राहतो. म्हणून हरकतीत सड्याइतकीच जागा खालच्या शेतांना द्या. ती इको-१ मधली आहेत. भातशेतीच्या हस्तांतरावर निर्बंध घालणारा २०२३ चा कायदाही आहे. वायंगण चालू राहणं हा तळ्याच्या पाण्याचा प्रश्न आहे हे अधिकाऱ्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मेरेवरून यांचं उत्तर

एक भर. वाळलेला तळ पहिल्यांदा भिजला की सुटलेला फॉस्फरस एकदम पाण्यात येतो. त्यामुळे जूनच्या पहिल्या पावसात घाईने फळ्या टाकू नका, पहिलं पाणी निघून जाऊ द्या. गोव्यात पाऊस ३,००० मिलिमीटरच्या घरात पडतो, ऑक्टोबरातलं शेवटचं पाणी धरलं तरी तळं भरतं. फळ्या मेमध्ये काढताना एका दिवशी एकच काढा. सगळ्या एकदम काढल्या तर तळाचा मऊ चिखल खालच्या पाटात जाऊन पाट बुजतो, आणि दाराजवळच्या खळग्यात अडकलेले मासे दुपारपर्यंत मरतात.